रस्त्यावरच्या फोटोंसाठी फिल्म कशी निवडावी आणि विनोग्रँडकडून नेमकं काय घ्यावं

फिल्म निवडायची म्हटलं की लोक ग्रेनवर, म्हणजे फोटोत दिसणाऱ्या बारीक कणांवर, बोलू लागतात. कुठल्या फिल्मचा काळा रंग गडद, कुठलीचा ग्रेन मऊ, वगैरे. रस्त्यावर फोटो काढणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही. समोरून माणूस येतोय आणि दोन पावलांत चौकटीबाहेर जाणार आहे. तो थिजलेला आणि फोकसमध्ये मिळेल का, हे तुमच्या फिल्मच्या स्पीडवर, म्हणजे ती प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्यावर, ठरतं. म्हणून फिल्म स्पीड पाहून घ्यायची. ग्रेनचं नंतर बघू.

रस्त्यावरच्या फोटोंसाठी ओळखला जाणारा अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड (१९२८–१९८४) यानं हे गणित पक्कं केलं होतं. लायका एम४ कॅमेरा, २८ मिमी लेन्स आणि कोडॅक ट्राय-एक्स फिल्म घेऊन तो अमेरिकेतल्या रस्त्यांवर फिरायचा. ट्राय-एक्सचा स्पीड ४००. पण टेक्सस विद्यापीठात तो शिकवायचा तेव्हाच्या त्याच्या विद्यार्थ्याच्या आठवणींनुसार तो ती १२०० धरून वापरायचा, कारण शक्य तितक्या वेळा त्याला १/१००० सेकंदाचा शटर हवा असायचा. हा १२०० चा आकडा उचलू नका. त्याच्या विचाराचा क्रम उचला: आधी शटर, मग अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं भोक; 'एफ/'नंतरचा आकडा मोठा, तर भोक लहान) आणि या दोन्हींना पुरेल ती फिल्म.

१. एकच फिल्म

४०० स्पीडची कृष्णधवल फिल्म घ्या. ट्राय-एक्स किंवा इलफर्ड एचपी५ प्लस, कुठलीही चालेल. मग वर्षभर ती बदलू नका. दर महिन्याला नवी फिल्म लावणाऱ्याला आपली चूक कुठे झाली ते कधीच कळत नाही: एक्सपोजरमध्ये, डेव्हलपिंगमध्ये की फिल्ममध्ये? स्लाइड फिल्म या कामाला नको. एक्सपोजर थोडं चुकलं तरी ती माफ करत नाही.

२. लेन्स

२८ किंवा ३५ मिमी. अंतर अडीच मीटरवर लावून ठेवा आणि फोकसिंगची रिंग विसरून जा.

३. स्पीड ठरवणं आणि पुश करणं

याच टप्प्यानं मला सर्वांत जास्त दमवलं आणि सर्वांत वाईट सल्लेही याच टप्प्यावर मिळतात. "बिनधास्त १६०० वर ठेव, फिल्म सांभाळून घेते," असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

पुश करणं म्हणजे फिल्मचा स्पीड आहे त्याहून जास्त धरून फोटो काढणं आणि मग ती जास्त वेळ डेव्हलप करणं. ते का करायचं हे आधी पाहू. भर दिवसाच्या मोकळ्या सावलीत ४०० च्या फिल्मला १/५०० शटरवर साधारण एफ/४ लागतं. २८ मिमी लेन्स अडीच मीटरवर लावली, तर एफ/४ ला सुमारे १.८ ते ४ मीटरपर्यंतचंच स्पष्ट येतं. तीच फिल्म १६०० धरली की एफ/८ मिळतं आणि हा पट्टा सुमारे १.४ ते १० मीटर होतो. पुढचा माणूस, त्याच्या मागची बाई आणि पलीकडचा सायकलवाला, तिघंही धारदार. विनोग्रँडच्या चौकटी इतक्या गजबजलेल्या असूनही वाचता येतात, त्यामागे अशा खोल फोकसचा मोठा वाटा आहे.

आता पुश केल्यानं काय होत नाही ते समजून घ्या. फिल्मची खरी संवेदनशीलता जवळपास आहे तेवढीच राहते. सावल्यांतला तपशील फिल्मवर पडलेल्या प्रकाशातून येतो आणि तिथे प्रकाश पोचलाच नसेल, तर डेव्हलपरमध्ये कितीही वेळ ठेवून तो उगवणार नाही. जास्त वेळ डेव्हलप केल्यावर मुख्यतः उजळ भाग आणखी घट्ट होतात, म्हणजे कॉन्ट्रास्ट वाढतो. ढगाळ दिवशी, सावलीतल्या गल्लीत किंवा संध्याकाळी प्रकाश सपाट असतो, तिथे हा वाढलेला कॉन्ट्रास्ट हवाच असतो. कडक उन्हात मात्र पुश करू नका. पांढरा शर्ट जळतो आणि टोपीखालचा चेहरा काळा पडतो. शिवाय गरजच काय? उन्हात ४०० वरही १/५०० ला एफ/१६ मिळतंच.

अर्धा रस्ता उन्हात आणि अर्धा सावलीत असेल तेव्हा खरी पंचाईत होते. उन्हाला एफ/१६ हवं, सावलीला एफ/४. चार स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). प्रकाश मोजणारा मीटर याची सरासरी काढतो आणि दोन्हीकडे थोडं थोडं बिघडवतो. माझं मत ठाम आहे: स्पीड ४०० च ठेवा, शटर १/५०० आणि अ‍ॅपर्चर एफ/५.६. सावली एक स्टॉप कमी पडेल, ऊन तीन स्टॉप जास्त होईल. कृष्णधवल निगेटिव्ह जास्तीचा प्रकाश बराच पचवते, कमी प्रकाश नाही. हा नियम पक्का झाला की मीटरकडे बघायची सवय आपोआप सुटते.

एका रोलला एकच स्पीड, कारण अख्खा रोल एकाच वेळी डेव्हलप होतो. अर्ध्यावर विचार बदलू नका. रोल काढला की लगेच त्यावर मार्करनं आकडा लिहा, लॅबला देणार असाल तर तोंडीही सांगा. घरी करत असाल, तर एचपी५ प्लसला न पातळ केलेल्या आयडी-११ या डेव्हलपरमध्ये २० अंशांना ४०० साठी साडेसात मिनिटं आणि १६०० साठी १४ मिनिटं हा इलफर्डचा तक्ता आहे. तो पाळा. वेळ वाढवली म्हणून टाकी जास्त हलवायची नसते. दर मिनिटाच्या सुरुवातीला चार वेळा उलटी करा आणि ठेवून द्या. जास्त हलवलेली पुश फिल्म प्रिंट करताना छळते.

फिल्म वाळली की खिडकीच्या उजेडासमोर धरा आणि फक्त केस, गडद कपडे आणि दारांच्या आतला अंधार पाहा. तिथे फिल्म अगदी कोरी, पारदर्शक असेल, तर तुम्ही प्रकाश कमी दिलाय. पुढच्या वेळी स्पीड कमी धरा, १६०० ऐवजी ८००. डेव्हलपिंगची वेळ वाढवून हे दुरुस्त होणार नाही. अनेकजण नेमकं तेच करत बसतात.

४. फोटो काढणं

व्ह्यूफाइंडरमधून बघूनच काढा. कॅमेरा कमरेपाशी धरून अंदाजे बटण दाबणं विनोग्रँडलाही मान्य नव्हतं. चौकट बघितलीच नाही, तर शिकणार काय?

५. निवड

विनोग्रँड रोल डेव्हलप करायला मुद्दाम वर्ष-वर्ष उशीर करायचा. फोटो काढतानाची मनःस्थिती विसरली की निवड नीट होते, असं त्याचं म्हणणं होतं. तो गेला तेव्हा अडीच हजारांहून अधिक रोल डेव्हलप न करता पडून होते. विचार योग्य आहे, पद्धत तशीच घेऊ नका. फिल्मवरची न दिसणारी प्रतिमा काळाबरोबर फिकी होते आणि कमी प्रकाश दिलेल्या रोलला ते परवडत नाही. रोल त्याच आठवड्यात डेव्हलप करा, कॉन्टॅक्ट शीट (अख्ख्या रोलच्या छोट्या फ्रेमची एकत्र प्रिंट) काढा आणि थांबा ती शीट बघायच्या आधी.

छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँकनं १९५५–५६ मध्ये अमेरिकाभर फिरून ७६७ रोल वापरले आणि 'द अमेरिकन्स' या पुस्तकात ८३ फोटो घेतले. निवड इतकी कडक लागते. दोन-तीन महिन्यांनी शीट काढून लाल पेन्सिलीनं खुणा करा. खुणा झाकून आणखी काही आठवड्यांनी दुसऱ्या प्रतीवर निळ्या पेन्सिलीनं पुन्हा करा. दोन्ही वेळा खूण झालेल्या फ्रेमच मोठ्या प्रिंट करा.