आज्यांचा बचत गट कसा चालवायचा

आईबाप गेलेली नातवंडं सांभाळणाऱ्या आजीची गरज लहान असते. जूनमध्ये गणवेश-वह्यांना दोन-तीन हजार, पोराला ताप आला तर तपासण्यांना हजार-दीड हजार, धंद्याला लसणाची एक गोणी. पण पैसा लागतो तो त्याच दिवशी लागतो. छोटी कर्जं देणाऱ्या बऱ्याच कंपन्यांची वयाची अट साठीच्या आसपास आडवी येते, आणि मग वस्तीतला सावकार शेकडा दहाने देतो. तीन हजारांवर महिन्याला तीनशे नुसतं व्याज. दहा महिन्यांत तीन हजार त्याच्या खिशात जातात आणि मुद्दल जागच्या जागी.

मी नवी मुंबईत तुर्भे स्टोअर या वस्तीत अंगणवाडी सेविका होते. निवृत्तीनंतर वस्तीतल्या आज्यांच्या बचत गटाचं लिखाण बघते. अशा गटाला नेहमीच्या महिला बचत गटाचे नियम जसेच्या तसे लावून चालत नाही. आजीची कमाई एका महिन्याला असते, एका महिन्याला नसते. आणि हप्ते चालू असतानाच आजी जाऊ शकते, हे आजीलाही माहीत असतं. म्हणून पहिला ठराव हाच लिहा: कोणत्याही आजीचं कर्ज तिच्या नातवंडांकडे मागायचं नाही. बाकीचे नियम या ठरावाला धरून करा.

माणसं आणि जागा

बचत गटात साधारण 10 ते 20 जणी असतात. आज्यांच्या गटाला बारा पुष्कळ झाल्या. सगळ्या एकाच गल्लीच्या आसपासच्या हव्यात, कारण गुडघे. बैठक तळमजल्यावरच घ्या. आमच्याकडे बहुतेक खोल्यांना वर जायला उभी लोखंडी शिडी असते, आणि वरच्या खोलीत बैठक ठेवली की चार आज्या ‘पुढच्या वेळी येते’ म्हणतात. त्या पुन्हा येत नाहीत. वेळ दुपारी तीनची ठेवा. सकाळी पाणी, डबे, शाळा, संध्याकाळी चूल, आजीला मोकळं काय ते दुपारीच मिळतं.

सगळ्याच सत्तरीच्या नकोत. चाळिशी-पन्नाशीच्या दोघी घ्या, भाचा-पुतण्या सांभाळणारी एखादी मावशी, आत्या असतेच. बँकेत रांग लावायला त्या लागतात.

भिशीची सवय सगळ्यांना असते, त्यामुळे फरक आधीच समजावून सांगा. भिशीत चिठ्ठी जिची निघेल तिला पैसे मिळतात. पोराला ताप मार्चमध्ये आला आणि चिठ्ठी ऑगस्टमध्ये निघाली तर काय उपयोग? गटात पैसा गरज पाहून फिरतो आणि व्याज गटातच राहतं.

खातं आणि वह्या

पहिल्या बैठकीत नाव, बचतीची रक्कम, अध्यक्ष, सचिव, खजिनदार ठरवून ठराव लिहा आणि बँकेत गटाचं बचत खातं उघडा. तिघींपैकी कोणत्याही दोघींच्या सहीने पैसे निघावेत. खातं उघडताना सगळ्या सभासदांची केवायसी, म्हणजे ओळख-पत्त्याच्या कागदांची तपासणी, लागत नाही, पदाधिकाऱ्यांची पुरते. रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. काउंटरवर बाराही जणींचे कागद मागितले तर हे शांतपणे सांगा. महापालिकेच्या समाजविकास विभागातही गटाची नोंद करा, ठाण्यात आणि नवी मुंबईत दोन्हीकडे हा विभाग आहे.

शेती आणि ग्रामविकासासाठीची राष्ट्रीय बँक नाबार्डने 1992 मध्ये 500 गटांपासून बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली. सहा महिने नियमित चाललेला गट बँकेकडे कर्ज मागू शकतो. माझं मत विचाराल तर आज्यांच्या गटाने त्याची घाई करू नये. बँकेच्या कर्जाला सगळ्या बांधल्या जातात आणि एकीचा हप्ता चुकला की अकरा जणींचं तोंड कडू होतं. आपला पैसा आपल्यातच फिरवा. सभासदाबाहेर कोणालाही, अगदी अध्यक्षांच्या जावयालाही, कर्ज द्यायचं नाही.

वाचता न येणाऱ्या सभासदांसाठी एक पद्धत फार चांगली आहे. आफ्रिकेत नायजर देशात 1991 मध्ये ‘केअर’ संस्थेने बायकांचे बचतीचे गट सुरू केले. ती पद्धत पुढे अनेक देशांत पसरली. त्यात बचतीचा प्रत्येक भाग पासबुकात शिक्क्याने नोंदतात आणि पैशांच्या पेटीला तीन कुलुपं लावून किल्ल्या तिघींकडे ठेवतात. आम्ही शिक्का घेतला. शंभर रुपयांना एक फूल. आजी आपली फुलं स्वतः मोजते, तिला कोणाला विचारावं लागत नाही.

पैसा कसा फिरतो

बारा जणी, महिन्याला शंभर. सहा महिन्यांत 7200 जमतात. तीन-तीन हजारांची दोन कर्जं द्या आणि 1200 हाताशी ठेवा. व्याजाचा दर महिन्याला शेकडा एक रुपया, तोही शिल्लक मुद्दलावर. तीन हजारांचे तीनशेचे दहा हप्ते केले तर पहिल्या महिन्यात 330, मग 327, मग 324, असं उतरत शेवटचा हप्ता 303. दहा महिन्यांचं एकूण व्याज 165 रुपये. सावकाराचे तीन हजार आणि हे 165 फळ्यावर शेजारी लिहून दाखवा.

पुढच्या महिन्यात बचतीचे 1200 आणि दोन हप्त्यांचे 660 मिळून 1860 येतात, त्याच्या पुढच्या महिन्यात 1854. आधीचे 1200 धरून 4914 झाले. तिसऱ्या आजीला तीन हजार दिले तरी 1914 उरतात. नेहमीच्या कर्जांसाठी हाताशी हजाराच्या खाली कधी जाऊ नका. आजारपणाचे पैसे त्यातून, बैठकीची वाट न पाहता, दोन पदाधिकाऱ्यांच्या होकारावर त्याच दिवशी द्यायचे.

कोणाला आधी द्यायचं यावर वाद होतात. आमचा क्रम असा: आजारपण, शाळा, धंदा. लग्नकार्याला आणि सणाला नाही. हा निर्णय आज्यांनीच करायचा, माझ्यासारख्या लिहिणारीने नाही. युगांडात एड्सने मधली पिढी गेली आणि आज्यांवर घरं आली. तिथे 2001 पासून काम करणाऱ्या ‘न्याका’ संस्थेच्या गटांत कर्ज कोणाला मिळणार हे आज्याच ठरवतात. एकमेकींच्या चुलीवर काय शिजतंय हे त्यांनाच ठाऊक असतं.

हप्ता

हप्ता कमाईच्या चालीने ठरवा. आमच्या एक आजी, मूळच्या जालन्याकडच्या, कांदा-बटाटा मार्केटमधून लसूण आणून सोलून खानावळींना देतात. दिवसभर सोललं की नखांच्या कडा सोलवटतात आणि बोटं भाजल्यासारखी होतात. रात्री त्या खोबरेल लावून बसतात. बोटं जास्त बिघडली की चार दिवस काम बंद. त्यांना महिन्याचा एक हप्ता जड जातो, पण आठवड्याला ऐंशी रुपये जमतात. मग आठवड्याला घ्या. वहीत एक रकाना वाढला तर वाढू दे.

वर्षातून एक हप्ता न विचारता पुढे ढकलता येतो, माफ मात्र होत नाही. दंड लावू नका. दुसऱ्यांदा चुकला तर दोघींनी घरी जायचं, पैसे मागायला नाही, काय झालंय ते बघायला. बहुतेकदा आजी आजारी असते आणि कोणाला कळलेलं नसतं.

हप्त्याची आठवण नातवंडांसमोर कधीही काढू नका आणि पोराच्या हाती हप्ता मागवू नका. आईबाप गेलेलं पोर आधीच घरात आपण भार आहोत असं समजून वागतं. ‘तुझ्या वह्यांचे पैसे बाकी आहेत’ हे वाक्य त्याच्या कानावर पडलं तर ते शाळा सोडून कामाला लागतं.

आजी गेली तर

शंभराच्या बचतीबरोबर दर महिन्याला दहा रुपये वेगळे घ्या. बारा जणींचे वर्षाला 1440 होतात. हा सुरक्षा निधी, त्यातून कर्ज द्यायचं नाही. आजी गेली तर तिचं उरलेलं मुद्दल यातून फेडायचं, कमी पडलं तर व्याजाच्या जमेतून. तिची बचत मात्र पूर्ण नातवंडाला.

त्यासाठी सभासद होतानाच वारस लिहून घ्या आणि वारस अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांच्या आतला, असेल तर त्याच्या वतीने पैसे घेणाऱ्या मोठ्या माणसाचं नाव लिहा. बँकेतल्या आजीच्या स्वतःच्या खात्यालाही हेच करा. सोबत प्रत्येक आजीला विचारा, तुमच्या माघारी पोरं कोण बघणार? हे विचारायला जड जातं. पण मी पाहिलंय, उत्तर वहीत लिहिलं की आजीला बरं वाटतं. कोणीच नसेल तर 1098 या बाल हेल्पलाइनची माहिती पदाधिकाऱ्यांनी ठेवावी, म्हणजे पोरं बाल कल्याण समितीपुढे जातील, रस्त्यावर नाही.

योजनांचे पैसे

गट सरकारी मदतीची जागा घेऊ शकत नाही, म्हणून कागद लावाच. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एका मुलामागे महिन्याला 2250 रुपये मिळतात, 18 वर्षांपर्यंत. आईवडिलांचे मृत्यूचे दाखले, आधार, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड आणि बँकेचं पासबुक आधी गोळा करा. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे जातो. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत ठाणे जिल्हा, पण खारघर-कामोठ्याच्या आजीचा जिल्हा रायगड, त्याचं मुख्यालय अलिबागला. चुकीच्या जिल्ह्यात एक दिवसाची मजुरी बुडते. आजीला स्वतःसाठी संजय गांधी निराधार किंवा 65 नंतर श्रावणबाळ योजना आहे, त्याचा अर्ज तहसील कार्यालयात.

हे पैसे दर महिन्याला येतीलच असं धरून हप्ता बांधू नका. थकून एकदम येतात. आले की मोठा हप्ता भरायला आजीला मोकळीक द्या.

अंगठ्याचंही बघा. लसूण, भांडी आणि वय यांनी बोटाच्या रेषा पुसतात आणि आधारचं मशीन अंगठा घेत नाही. आधारला मोबाइल जोडून घ्या, म्हणजे ओटीपीवर काम होतं, आणि आधार केंद्रात बोटं-डोळे पुन्हा नोंदवून घ्या. यासाठी तरुण सभासदांपैकी एकीने आजीबरोबर जायचं. रिक्षाचे पैसे गटाने द्यावेत.

व्याजाचं वाटप बाकीचे गट दिवाळीला करतात. आज्यांच्या गटाने ते मेच्या शेवटच्या आठवड्यात करावं. बचत आणि सुरक्षा निधी तसाच ठेवून फक्त व्याज वाटा. जूनच्या मध्याला शाळा उघडते, तोवर जिला दप्तर घ्यायचंय तिला त्या पैशात घेता येतं आणि नव्या कर्जाचे अर्ज कमी होतात.