रुग्णालयाच्या आवारातली निसर्गवाट : या चुका टाळा

बहुतेक वाटा गेटपासून आखल्या जातात. गेटसमोर लॉन, कारंजं, दात्यांच्या नावाची पाटी आणि तिथून वळणं घेत जाणारी वाट. पण जो रुग्ण ती चालणार आहे तो वॉर्डाच्या दारातून निघतो. कालच टाके घातलेत, एका हाताला सलाईन, आणि वीस मीटर चाललं की दम लागतो. म्हणून मोजमाप वॉर्डाच्या दारापासून घ्या. पहिला फेरा 40 ते 60 मीटरचा ठेवा, त्याच दाराशी परत येणारा. लांबचा फेरा त्याला पुढे जोडता येतो. मध्येच संपणारी वाट मात्र नको. थकलेल्या माणसाला तिथे मागे फिरावं लागतं, आणि व्हीलचेअर वळवायला दीड मीटर मोकळी जागा लागते.

पेव्हर ब्लॉक हीच सर्वांत महाग पडणारी चूक

सलाईन स्टँडची चाकं लहान असतात. ब्लॉकच्या फटीत चाक अडकलं की नातेवाईक एका हाताने स्टँड उचलतो आणि दुसऱ्या हाताने रुग्णाचं कोपर धरतो. नळी ताणली जाते, सुई हलते. दोन पावसाळ्यांत ब्लॉक खचतात किंवा मुळं ते उचलतात, आणि मग पाय अडखळू लागतात. खडी आणि फरशांचे सुटे तुकडेही नकोत.

त्याऐवजी 15 सेंमी दाबलेल्या मुरमावर 10 सेंमी काँक्रीट घाला. वरून चालण्याच्या आडव्या दिशेने खराट्याचे ओरखडे मारून घ्या. गुळगुळीत कोबा पावसात घसरतो. जमीन काळी असेल तर आधी 60 सेंमी माती काढून मुरूम थराथराने दाबावा लागतो. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि वरचं काँक्रीट त्याबरोबर तडकतं. इथे खर्च वाचवू नका.

रुंदी 1.8 मीटर ठेवा, म्हणजे दोन व्हीलचेअर समोरासमोर जातात. चढ 1:20 पेक्षा, म्हणजे 20 मीटरला 1 मीटरपेक्षा, जास्त नको. आडवा उतार, म्हणजे पाणी निघून जाण्यासाठी एका कडेकडे दिलेला, 1:50 पुरे. तो वाढला की खुर्ची एका बाजूला ओढते. कंत्राटदाराचं शेवटचं बिल काढण्याआधी व्हीलचेअरमध्ये वजनदार माणूस बसवून, सोबत सलाईन स्टँड घेऊन पूर्ण फेरा मारा. सगळे दोष तिथेच कळतात.

बाक

सिमेंटचे भरीव बाक टाळा. उठताना माणूस पाय मागे घेतो, आणि बाकाखाली पोकळी नसेल तर त्याला उठता येत नाही. बैठक 45 सेंमी उंच, दोन्ही बाजूंना हात, आणि फळ्या लाकडी हव्यात, कारण मे महिन्यात दगड आणि स्टील चटके देतात. दर 10-12 मीटरवर एक बाक आणि शेजारी व्हीलचेअरसाठी 90 सेंमी जागा ठेवा.

झाडं निवडताना

लवकर वाढतं म्हणून सप्तपर्णी लावली जाते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिच्या उग्र वासाने दम्याचे रुग्ण हैराण होतात, आणि केमोथेरपी चालू असलेल्यांना मळमळतं. रातराणीचंही तसंच. कण्हेर, पांढरी असो की पिवळी, विषारी. मुलांच्या वॉर्डाजवळ तर नकोच. बहावा जरूर लावा, पण सावलीची अपेक्षा ठेवू नका. ऐन एप्रिल-मेमध्ये तो फुलांनी लगडलेला आणि पानांनी ओका असतो. तेव्हा सावली देतात ते करंज आणि कडुलिंब. ते वाटेच्या पश्चिमेला, कडेपासून अडीच-तीन मीटर सोडून लावा, म्हणजे संध्याकाळचं तिरपं ऊन अडतं. जांभूळ वाटेवर नको. जूनमध्ये फळांचा चिखल होतो.

वाट आणि वॉर्डाच्या खिडक्या यांत निदान 3 मीटर झुडपांचा पट्टा हवा, नाहीतर चालणाऱ्यांच्या नजरा थेट खाटेवर पडतात. झुडपं मीटरभरच उंच ठेवा, म्हणजे खाटेवरून झाडं दिसतात. संशोधक रॉजर उलरिक यांनी 1984 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडलेल्या अभ्यासात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना जड वेदनाशामकं कमी लागली. जो उठूच शकत नाही त्याचाही या झाडांवर हक्क आहे.

पाणी आणि खत

साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूचा डास तयार होतो. कमळकुंड नकोच. पक्ष्यांची भांडी दर दोन दिवसांनी घासा, नुसती ओतून भरू नका. अंडी कडेला चिकटलेली असतात. सांडपाणी प्रकल्पाचं पाणी ठिबकनेच द्या, तुषार सिंचनाने कधीच नाही. खताचा ढीग वाटेपासून आणि एसीच्या हवेच्या तोंडापासून लांब ठेवा. तो उलथताना उडणारे बुरशीचे बीजाणू प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाच्या फुफ्फुसांना धोक्याचे असतात.

पावसाळ्यात सावलीतल्या भागावर शेवाळ धरतं. आठवड्यातून दोनदा तारेच्या ब्रशने घासून घ्या.

आणि दार. सगळं नीट होतं, पण सुरक्षेच्या नावाखाली वॉर्डाचं दार कुलूपबंद राहतं. सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसहा ते उघडं ठेवा. बाकीच्या वेळी किल्ली ड्यूटीवरच्या सिस्टरकडे असू द्या, आणि सर्वांत लांबच्या बाकाजवळ नर्सिंग स्टेशनला जोडलेली बेल बसवा.