फिल्मचं शेड्यूल शेवटाकडून बांधा

डिलिव्हरीची तारीख हातात आली की शूटिंगच्या पहिल्या दिवसापासून मोजायला बसू नका. शेवटाकडून मागे या. दोन तासांच्या फिल्मचा साधारण हिशोब असा: डीसीपी (थिएटरात दाखवायची फिल्मची डिजिटल फाइल) बनवणं, ती पूर्ण लांबीने पडद्यावर बघणं आणि सापडलेल्या चुका दुरुस्त करणं यांना एक आठवडा. त्याआधीचा एक आठवडा कोरा ठेवा. फायनल मिक्सला (सगळे आवाज एकत्र जुळवायला) दोन आठवडे, आणि त्याच सुमारास डीआय, म्हणजे रंग जुळवण्याचं काम. त्याच्या मागे डबिंग, फोली (पावलं, कपड्यांची सळसळ असे आवाज स्टुडिओत करणं), साउंड डिझाइन आणि पार्श्वसंगीत मिळून सहा आठवडे. म्हणजे एडिट लॉक (संकलन पक्कं, यापुढे कट बदलायचे नाहीत) डिलिव्हरीच्या दहा आठवडे आधी झालं पाहिजे. व्हीएफएक्सचं (कॉम्प्युटरवर बनवायच्या दृश्यांचं) काम भरपूर असेल तर लॉकची वाट बघू नका. सीन पक्का झाला की शॉट पाठवा, दोन्ही टोकांना आठ-बारा फ्रेम जादा ठेवून.

यातली जिवापाड जपायची तारीख लॉकची. लॉकनंतर ‘फक्त एक छोटा कट’ म्हणून १२ फ्रेम काढल्या, तर २४ फ्रेमच्या वेगाने तो अर्धा सेकंद होतो. त्या जागेपुढचे सगळे संवाद, पावलं, संगीत अर्ध्या सेकंदाने सरकतात आणि साउंड, संगीत, डीआय, व्हीएफएक्स या चारही टेबलांवर फाइल पुन्हा बसवावी लागते. म्हणून फिल्म सुमारे २० मिनिटांच्या रीलमध्ये तोडून काम करा. बदल झालाच तर तो त्या रीलपुरता राहतो. आणि बदल तोंडी कळवू नका. नवा आवृत्ती क्रमांक, बदलांची यादी आणि टाइमकोड असलेला नवा व्हिडिओ एकत्रच पाठवा. कोण कुठल्या आवृत्तीवर काम करतंय हेच माहीत नसणं, यात पोस्टचे (शूटिंगनंतरच्या कामाचे) जेवढे दिवस जातात तेवढे क्वचितच कशात जात असतील.

आता शूटिंग. स्क्रिप्टचं प्रत्येक पान आठ भागांत मोजतात. १२० पानांचे झाले ९६० भाग. ३० दिवसांचं शूटिंग असेल तर रोज ३२, म्हणजे चार पानं. पण ही नुसती सरासरी. दोघांचं जेवणाच्या टेबलावरचं बोलणं चार पानांचं असलं तरी निघतं. ‘जमाव दगडफेक करतो’ ही एक ओळ आख्खा दिवस खाते. म्हणून ब्रेकडाउन करताना (प्रत्येक सीनला काय काय लागेल ते लिहिताना) भागांशेजारी सेटअपचा, म्हणजे कॅमेरा आणि लायटिंग किती वेळा नव्याने लावावं लागेल त्याचा, आकडाही लिहा, आणि तो दिग्दर्शक व कॅमेरामन दोघांना विचारूनच.

दिवसाचा हिशोब मिनिटांत करून बघा. १२ तासांची शिफ्ट म्हणजे ७२० मिनिटं. कॉलपासून (युनिटने हजर व्हायच्या वेळेपासून) पहिल्या शॉटपर्यंत ९०, जेवण ६०, लोकेशन बदलायचं असेल तर ९०, सामान आवरायला ३०. उरली ४५०. एका सेटअपला लायटिंग, रिहर्सल, टेक धरून २५ मिनिटं लागत असतील तर दिवसाचे १८ सेटअप. दोन पात्रांच्या साध्या सीनला मास्टर (अख्खा सीन दिसेल असा रुंद शॉट), दोन खांद्यावरून आणि दोन क्लोज असे पाच लागतात. म्हणजे साडेतीन सीन. कॉल शीटवर (दिवसभराच्या कामाच्या कागदावर) पाच सीन लिहिले असतील तर उशीर आदल्या रात्रीच ठरला. लोकेशन बदल टाळला तर ९० मिनिटं सुटतात, तीन-चार सेटअप वाढतात. त्यामुळे क्रम लावताना आधी लोकेशन संपवायचं बघा, मग कलाकारांच्या डेट्स, मग दिवस-रात्र. डेट्स अगदीच मोजक्या असतील तर हा क्रम उलटा होतो, त्याला इलाज नाही.

बाहेरचे सीन शेड्यूलमध्ये आधी टाका. पावसाने घालवले तर पुढे जागा असते. पाऊस आल्यावर पळायला एक इनडोअर सीन राखीव लागतो, आणि राखीव म्हणजे सेट लागलेला, कपडे इस्त्री केलेले, त्या सीनचे कलाकार कॉल शीटवर असलेले. नुसतं नाव लिहिलेला राखीव सीन काही कामाचा नाही. पहिल्या दिवशी मात्र सोपंच काम द्या. युनिट अजून जुळलेलं नसतं.

जेवणाच्या सुट्टीत फर्स्ट एडीने (पहिल्या सहाय्यक दिग्दर्शकाने) घड्याळ आणि शॉट लिस्ट समोर ठेवून दिग्दर्शकाशी पाच मिनिटं बोलायचं. निम्मा दिवस गेला आणि १८ पैकी सहाच झाले असतील तर काय सोडायचं ते तेव्हाच ठरतं. संध्याकाळी ऊन उतरताना घाईत ठरवलं तर हमखास चुकीचा शॉट सुटतो. हात, घड्याळ, चिठ्ठी असले इन्सर्ट सोडा, ते नंतर छोट्या युनिटने घेता येतात. ज्या कलाकाराची डेट आज संपतेय त्याचा क्लोज कधीच सोडू नका. एका दिशेला लायटिंग लागलं की त्या दिशेचे सगळे शॉट संपवूनच कॅमेरा फिरवा.

रोजच्या प्रॉडक्शन रिपोर्टमध्ये ठरलेले आणि झालेले भाग शेजारी शेजारी लिहा, पहिला शॉट किती वाजता लागला तेही. पाच दिवसांत १६० व्हायला हवे होते आणि १३० झाले, तर तुम्ही जवळजवळ एक दिवस मागे आहात. ही गोष्ट निर्मात्याला पाचव्या दिवशीच सांगा, कारण तेव्हा एखादा सीन गाळता येतो, दोन लोकेशन एकत्र करता येतात. पंचविसाव्या दिवशी सांगितलं तर फक्त पैसे मागता येतात.

पॅकअप लांबला तर दुसऱ्या दिवशीचा कॉलही तेवढाच पुढे ढकला. दोन्हींमध्ये ११-१२ तास ठेवा, प्रवास त्यातच येतो. रात्रीच्या शिफ्टनंतर दिवसाची शिफ्ट लावायची असेल तर मध्ये एक सुट्टी कागदावर आधीच टाका. तीच वाचवायला गेलात की चौथ्या शॉटला फोकस चुकतो, टेक वाढतात आणि त्या दिवसाचे १८ सेटअप १३ वर येतात.