विभक्त मतदारसंघ की राखीव जागा? १९०९ ते १९३५ चा गुंता कसा सोडवायचा

मोर्ले-मिंटो (१९०९ चा कायदा), माँटफर्ड (१९१९ चा कायदा), जातीय निवाडा, पुणे करार, १९३५ चा कायदा... बहुतेक जण हे सगळं सनावळी म्हणून पाठ करतात आणि मग विभक्त मतदारसंघ आणि राखीव जागा यात नक्की फरक काय असं विचारलं की गडबडतात. सनावळ्या राहू द्या बाजूला. कोरा कागद घ्या, दोन रकाने पाडा: उभं कोण राहू शकतं, मत कोण देऊ शकतं. सगळी मेख दुसऱ्या रकान्यात आहे.

आधी १९०९ घ्या. ऑक्टोबर १९०६ मध्ये मुस्लिम नेते आगाखान यांचं शिष्टमंडळ सिमल्याला व्हाइसरॉय मिंटोंना भेटलं, मुस्लिमांसाठी वेगळं प्रतिनिधित्व मागितलं आणि मोर्ले-मिंटो कायद्यात ते मिळालं. रकाने भरा: उमेदवार मुस्लिम, मतदारही फक्त मुस्लिम. हा झाला विभक्त मतदारसंघ. इथे उमेदवाराला दुसऱ्या समाजाच्या दारात मत मागायला जायची गरजच पडत नाही, आणि माझ्या मते या पद्धतीने सगळ्यात मोठं नुकसान केलं ते इथेच. पण म्हणून "इंग्रजांनी लादलं" एवढं लिहून थांबू नका, कारण १९१६ च्या काँग्रेस-मुस्लिम लीग लखनौ करारात काँग्रेसनेही हे मान्य केलं होतं आणि टिळकांचा त्याला पाठिंबा होता.

१९१९ ला पंजाबात शिखांनाही विभक्त मतदारसंघ मिळाला. पण त्याच वेळी आपल्या मुंबई प्रांतात मराठा आणि तत्सम जातींसाठी ७ जागा राखीव ठेवल्या, त्या जरूर लिहा, कारण तिथे उमेदवार मराठा असला तरी मत त्या मतदारसंघातले सगळे सर्वसाधारण (म्हणजे विभक्त मतदारसंघात नसलेले) मतदार देणार. फरक इथे एकदम डोळ्यात भरतो. (द्विदल राज्यपद्धती म्हणजे खात्यांची वाटणी, ती वेगळ्या पानावर घ्या, इथे मिसळू नका.)

आता १९३२, इथे घाई करू नका. १६ ऑगस्टला ब्रिटिश पंतप्रधान मॅकडोनाल्डने जातीय निवाडा जाहीर केला, त्यात अस्पृश्यांना प्रांतिक विधिमंडळांत ७१ जागा आणि दोन मतं: एक सर्वसाधारण मतदारसंघात इतरांबरोबर, दुसरं फक्त त्यांच्या स्वतंत्र मतदारसंघात. हे दुसरं मत बऱ्याच नोट्समध्ये गाळलेलं असतं आणि मग आंबेडकरांनी नक्की काय सोडलं तेच कळत नाही. या स्वतंत्र मतदारसंघाविरुद्ध गांधीजी २० सप्टेंबरला येरवड्यात उपोषणाला बसले आणि २४ तारखेला पुणे करार झाला. जागा ७१ च्या १४८ झाल्या, पण विभक्त मतदारसंघ गेला. त्याऐवजी दोन टप्पे आले: आधी प्राथमिक निवडणुकीत फक्त अस्पृश्य मतदार चार उमेदवार निवडणार आणि मग त्या चौघांतून एकाला सगळे सर्वसाधारण मतदार मिळून निवडून देणार. म्हणजे शेवटचा शब्द सवर्ण बहुसंख्येच्या हातात गेला, आणि आंबेडकर नंतर या करारावर इतकी कडक टीका का करत राहिले ते कागदावरच दिसतं. फक्त जागा वाढल्या म्हणून फायदा झाला असं लिहिणारं उत्तर मला तरी अर्धवट वाटतं.

१९३५ च्या कायद्यात नवीन फार काही शोधायला जाऊ नका, निवाडा आणि पुणे करार हेच त्यात आले.

आता सरावाला १९३७ ची मुंबई प्रांताची विधानसभा घ्या. एकूण १७५ जागा, त्यात मुस्लिमांच्या २९, आणि सर्वसाधारण जागांपैकी १५ अनुसूचित जातींसाठी व ७ मराठ्यांसाठी राखीव. तिन्हींचे दोन्ही रकाने न बघता भरा. जमलं की राज्यघटनेतली कलमं ३२५, ३३० आणि ३३२ काढा आणि आजच्या राखीव मतदारसंघासाठीही तेच दोन रकाने भरा, कलम ३२५ मध्ये एकच सर्वसाधारण मतदारयादी का सांगितली आहे ते वेगळं पाठ करावं लागणार नाही.