सुईवर नाणे ठेवू नका : टर्नटेबल घेताना आणि मांडताना होणाऱ्या चुका

टर्नटेबलचा, म्हणजे रेकॉर्ड वाजवण्याच्या यंत्राचा, पट्टा सैल झाला तर नवा मिळतो, सुई झिजली तर बदलता येते, मोटार बिघडली तर कारागीर सापडतो. रेकॉर्डची खाच मात्र एकदा खरवडली गेली की ती कोणालाही भरून काढता येत नाही. जळगाव, भुसावळ, अमळनेर, चोपडा या परिसरात ओळखीच्या घरी टर्नटेबल मांडून देण्याचे काम मी बरीच वर्षे हौसेने करत आलो आहे आणि त्याच चार-पाच चुका घरोघरी पाहून आता मन विटले आहे. आपल्याकडे रेकॉर्डचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन नव्वदच्या दशकात थांबले. त्यामुळे आजोबांच्या कपाटातून निघालेली तबकडी घाईपायी खराब झाली, तर तिची दुसरी चांगली प्रत मिळेलच असे नाही.

नाणे

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे सुई उडते म्हणून टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांडीच्या) टोकावर नाणे ठेवणे. जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजच्या (सुई ज्यात बसते आणि जी तिच्या थरथरीचा विद्युत संकेत करते त्या डबीच्या) काळात, जेव्हा सुई पाच-सहा ग्रॅम भार सहज घेत असे, तेव्हा ही युक्ती घरोघरी चालत होती आणि वडीलधाऱ्यांकडून ती पुढच्या पिढीकडे आली. आजच्या मूव्हिंग मॅग्नेट (चुंबकावर चालणाऱ्या) कार्ट्रिजला साधारण दीड ते अडीच ग्रॅम भार लागतो; काही साध्या कार्ट्रिज तीन ग्रॅमपर्यंत घेतात. १९८८ नंतरची स्टीलची चवन्नी जवळजवळ २.८ ग्रॅमची आहे. दोन ग्रॅमसाठी बनवलेल्या सुईवर ती ठेवली, तर भार दुपटीहून अधिक होतो.

अमळनेरच्या एका घरी तीन वर्षांपूर्वी मी हेच पाहिले. आबांचा संग्रह शंभर-सव्वाशे रेकॉर्डचा होता आणि नातवाने त्यांच्यासाठी हौसेने नवे टर्नटेबल आणले होते. मला बोलावले ते वेगळ्याच तक्रारीसाठी: "काका, सगळ्या रेकॉर्ड आता खरखरतात, सुई बदलायची का?" झाकण उघडले तर हेडशेलवर (टोनआर्मच्या पुढच्या टोकावर) चिकटपट्टीने चवन्नी लावलेली होती. नातू म्हणाला, की सुरुवातीला सुई सारखी उड्या मारत होती, नाणे लावल्यावर ती थांबली आणि दोन महिने आबांनी रोज संध्याकाळी मनसोक्त ऐकले. मी वजनकाटा काढून मोजले, तेव्हा नाण्यासह भार ३.७ ग्रॅम भरला आणि नाणे काढल्यावर ०.९. त्या कार्ट्रिजला दोन ग्रॅम हवे होते. म्हणजे सुई उडत होती ती भार कमी पडत होता म्हणून, आणि भार कमी का, तर नातवाने टोनआर्मच्या मागच्या वजनावरची आकड्यांची चकती तेवढी फिरवून "२" समोर आणला होता. वजन होते तिथेच राहिले होते.

ती चकती वजनावर मोकळी फिरते, कारण ती शून्य ठरवण्यासाठी दिलेली असते. तिच्यावरचा आकडा आपोआप खरा नसतो. आधी टोनआर्म अधांतरी आडवा तरंगेपर्यंत संपूर्ण वजन फिरवायचे, तो तरंगू लागला की वजन न हलवता फक्त चकती शून्यावर आणायची आणि त्यानंतर वजन व चकती एकत्र फिरवून हवा तो आकडा गाठायचा. माहितीपत्रकात हे चित्रासह दिलेले असते. नातवाने ते वाचले नव्हते, कारण आबांना त्याच संध्याकाळी गाणी ऐकवायची होती. त्याच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण त्या एका संध्याकाळच्या घाईने आबांच्या सर्वांत आवडत्या वीस-पंचवीस रेकॉर्ड कायमच्या खरखरीत झाल्या. सुईचा दांडाही वाकून कार्ट्रिजच्या पोटाला टेकला होता. सुई नवी बसवली. रेकॉर्डचे काही करता आले नाही.

तेव्हापासून मी चकतीवर विश्वास ठेवत नाही. माझ्या पिशवीत ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा कायम असतो आणि प्रत्येक घरी मी प्रत्यक्ष भार मोजतो. जळगावच्या सराफ बाजारात कोणी अंदाजाने सोने घेत नाही. सुईच्या बाबतीतही अंदाज चालवू नये. दोन गोष्टी मात्र पाहाव्यात: काट्याचे ताट लोखंडी नसावे, कारण कार्ट्रिजमधील चुंबक त्याकडे ओढला जाऊन आकडा चुकतो; आणि ताट शक्य तितके रेकॉर्डच्या उंचीवर असावे.

उतार आणि हादरे

भाराच्या आधी पातळी. गवंड्याकडची छोटी पाणसळ प्लॅटरवर (रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या थाळीवर) आडवी आणि उभी ठेवून पाहा आणि पाय वर-खाली करून बुडबुडा मधोमध आणा. टेबल कलते असेल, तर पुढची सगळी मापे त्या उतारावर घेतली जातात. पाणसळ नंतर लावू म्हणणाऱ्यांच्या घरून मी काम अर्धवट ठेवून परततो.

भुसावळला रुळांजवळच्या घरांत मालगाडी गेली की कपाटातली भांडी वाजतात. तिथे टर्नटेबल जमिनीवरच्या हलक्या टेबलावर न ठेवता बाहेरच्या जाड भिंतीत पक्क्या बसवलेल्या फळीवर ठेवले, तर फरक लगेच कळतो. स्पीकर आणि टर्नटेबल एकाच टेबलावर ठेवणे हा त्याच जातीचा दोष आहे, कारण स्पीकरची थरथर सुईपर्यंत पोहोचून घुमते. कुलरसुद्धा त्या टेबलाला टेकलेला नको आणि त्याचा झोत तर रेकॉर्डवर मुळीच नको: काळ्या मातीची उन्हाळ्यातली बारीक धूळ ओलसर हवेबरोबर येऊन बसली, की ती कोरड्या ब्रशने निघत नाही.

जोडणी : आवाज किरटा येतो, किंवा फाटतो

"टर्नटेबलमध्ये दम नाही" असे म्हणून लोक नवा अँप्लिफायर घ्यायला निघतात, तेव्हा दहापैकी आठ वेळा जोडणी चुकलेली असते. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून जेमतेम चार-पाच मिलिव्होल्टचा संकेत निघतो, तर सीडी प्लेअरच्या वा मोबाइलच्या जोडणीला काहीशे मिलिव्होल्ट अपेक्षित असतात. शिवाय रेकॉर्ड कापतानाच खर्ज मुद्दाम दाबलेला आणि तार सप्तकाकडचा भाग उचललेला असतो. १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए (अमेरिकी ध्वनिमुद्रण उद्योग संघटना) मानकानुसार दोन्ही टोकांना हा फरक सुमारे २० डेसिबलचा असतो. खर्ज न दाबता कापला असता, तर खाचा इतक्या रुंद वळल्या असत्या, की एका बाजूवर आज बसतात तितकी मिनिटे बसलीच नसती. दाबलेला खर्ज पुन्हा उचलणे आणि संकेत मोठा करणे, ही दोन्ही कामे फोनो प्रीअँप्लिफायर करतो. तो मध्ये नसेल, तर तबला टिकटिकतो आणि गायकाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो.

उलट चूकही तितकीच होते. आजच्या अनेक टर्नटेबलमध्ये हा प्रीअँप्लिफायर आतच असतो आणि मागे "फोनो" व "लाइन" असा खटका असतो; लाइन म्हणजे आतला प्रीअँप्लिफायर चालू. खटका "लाइन"वर ठेवून तार अँप्लिफायरच्या "फोनो" खाचेत घातली, की तेच काम दोनदा होते आणि आवाज फाटून बाहेर पडतो. एका वेळी एकच प्रीअँप्लिफायर, आतला किंवा बाहेरचा.

सतत गुणगुण येत असेल तर ती बहुधा ५० हर्ट्झच्या घरगुती विजेची असते. टर्नटेबलची बारीक अर्थ तार अँप्लिफायरच्या मागच्या स्क्रूला बांधली आहे का, ते आधी पाहा. ती तार "जास्तीची" समजून कापलेली मी दोन घरांत पाहिली आहे.

खरेदी

सुटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअर घेऊ नयेत, हे माझे ठाम मत आहे. बहुतेकांत भार बदलण्याची सोयच नसते, कार्ट्रिज सिरॅमिक असते आणि भार जास्त असतो. त्या पैशात थोडी भर घालून, मागे फिरते वजन आणि बदलता येणारी सुई असलेले साधे पट्ट्यावरचे टर्नटेबल येते. तेवढे पैसे नसतील तर सहा महिने थांबावे.

मुंबईच्या जुन्या बाजारातून जपानी किंवा अमेरिकी टर्नटेबल स्वस्तात उचलणाऱ्यांनी मागची पट्टी वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जपानचा दाब १०० व्होल्टचा आणि आपला २३० चा; थेट जोडले तर मोटार जळते. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून दाब जमतो, पण वारंवारता जमत नाही, हे विक्रेता सांगत नाही. ६० हर्ट्झसाठी बनवलेली सिंक्रोनस (विजेच्या वारंवारतेबरहुकूम फिरणारी) मोटार आपल्या ५० हर्ट्झवर सहाव्या हिश्श्याने मंद चालते, म्हणून मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांऐवजी सुमारे २७.८ फेऱ्या होतात आणि गाणे सुमारे तीन अर्धस्वरांनी उतरते. तिथे ५० हर्ट्झची पुली (मोटारीवरची पट्टा फिरवणारी चाकी) शोधावी लागते. डीसी मोटारीच्या किंवा क्वार्ट्झवर चालणाऱ्या यंत्रांना ही अडचण येत नाही.

रेकॉर्डची निगा

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि पत्र्याखालचा पोटमाळा किंवा उन्हात उभी केलेली बंद गाडी त्याहून कितीतरी तापते. रेकॉर्डचे विनाइल प्लास्टिक ६०-७० अंशांच्या सुमारास मऊ पडू लागते. रेकॉर्ड घरातल्या सर्वांत थंड भिंतीलगत उभ्या ठेवाव्यात. आडव्या थप्पीत खालच्या दबतात.

धान्याच्या कोठीशेजारी सापडलेल्या ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या पुष्कळ जण स्पिरिटने पुसतात. त्या लाखेच्या असतात. सुतार चपडा, म्हणजे लाखच, स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतो, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. तबकडीचेही तेच होते. त्या मऊ ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरड्या कराव्यात. त्यांच्यावर एलपीची (३३⅓ फेऱ्यांच्या विनाइल तबकडीची) सुईही चालवू नये, कारण त्यांची खाच कित्येक पट रुंद असते आणि बारीक सुई तळाशी घासत जाते.

सुधारणा करताना

पहिल्याच वर्षी जाड तारा, पितळी पाय आणि रेकॉर्डवर ठेवायचे वजनदार ठोकळे विकत घेण्याची घाई मला समजत नाही. पैसा आधी सुईवर घालावा, कारण खाचेला स्पर्श करणारी तेवढी एकच वस्तू आहे. लंबवर्तुळाकार टोकाची सुई साधारण ३०० तासांनी बदलावी. मी टर्नटेबलजवळच्या वहीत प्रत्येक बाजू वाजवली की एक रेघ ओढतो.

कार्ट्रिज बदलली, तर तिचा कोन कागदी प्रोट्रॅक्टरवर (जुळणीच्या खुणा छापलेल्या तक्त्यावर) जुळवावा लागतो. झेरॉक्सच्या दुकानात तो छापताना कागदात मावण्यासाठी चित्र आपोआप लहान केले जाते आणि मग काळजीपूर्वक केलेली जुळणीही चुकते. मी छापील कागदावर आधी स्टीलची पट्टी ठेवतो: प्रचलित बेअरवाल्ड मांडणीत (कोन जुळवण्याच्या एका पद्धतीत) केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवरचे बिंदू त्या जागी आहेत ना, ते तपासतो, आणि नसतील तर कागद फेकून देतो.

ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ कार्ट्रिज मालिकेची सोय मला म्हणूनच आवडते. तिचा मुख्य भाग तोच राहतो आणि पुढची सुई ओढून दुसरी बसवता येते. साध्या लंबवर्तुळाकार सुईने सुरुवात करून पुढे अधिक बारीक टोकाची मायक्रोलाइन सुई घेता येते, आणि आबांच्या लाखेच्या तबकड्यांसाठी त्याच मालिकेतली ७८ ची जाड सुईही मिळते. सुई बदलली की भार मात्र पुन्हा काट्यावर मोजायचा, कारण सगळ्याच सुयांना लागणारा भार सारखा असतो असे नाही.