वर्गाचा कंस सोडवताना उणे चिन्ह कसं सांभाळावं

(क्ष − ५)² चा विस्तार क्ष² − २५ असा लिहिलेला कितीतरी वह्यांत सापडतो. कुणी क्ष² + २५ लिहितं, कुणी क्ष² − १०क्ष − २५. तिन्ही उत्तरं चूक. मुलं हुशार असतात, सूत्रही पाठ असतं; उणे चिन्ह नेमकं कुणाचं, एवढंच ठरवायचं राहून जातं.

म्हणून सर्वांत आधी चिन्ह पदाला चिकटवा. (क्ष − ५) मधली दोन पदं म्हणजे क्ष आणि −५. पेन्सिलीने −५ भोवती चिन्हासकट गोल करा.

मग कंस दोनदा लिहून गुणाकार करा. सूत्र येत असलं तरी पहिले आठ-दहा दिवस हे टाळू नका.

(क्ष − ५)(क्ष − ५) = क्ष² − ५क्ष − ५क्ष + २५ = क्ष² − १०क्ष + २५

शेवटचं पद (−५) × (−५) मधून येतं, म्हणून ते अधिक. १२ व्या शतकात भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ ग्रंथात हे तीन शब्दांत बसवलं आहे: ‘कृतिः स्वर्णयोः स्वम्’. कृती म्हणजे वर्ग, स्व म्हणजे धन. संख्या धन असो वा ऋण, तिचा वर्ग धनच.

तरीही मन मानत नसेल तर चौकटीचा कागद घ्या. १० × १० चा चौरस आखा. उजव्या कडेला ३ चौकटी रुंदीची उभी पट्टी रंगवा, खालच्या कडेला तेवढ्याच रुंदीची आडवी. न रंगवलेला चौरस ७ × ७, म्हणजे ४९ चौकटींचा. आता १०० मधून दोन्ही पट्ट्या वजा करा: १०० − ३० − ३० = ४०. नऊ कमी पडले! कोपऱ्यातला ३ × ३ चा तुकडा दोन्ही पट्ट्यांत होता, त्यामुळे एकदाच जायचा तो दोनदा गेला. ते ९ परत मिळवले की १०० − ६० + ९ = ४९. मुलाने हे स्वतः रंगवून पाहिलं की शेवटच्या पदामागे उणे लिहायला हात धजत नाही. घोकंपट्टीपेक्षा ही दहा मिनिटं मला फार मोलाची वाटतात.

दोन्ही पदं ऋण असतील तर बिचकू नका. (−३क्ष − ४)² मध्ये मधलं पद २ × (−३क्ष) × (−४) = +२४क्ष. उत्तर ९क्ष² + २४क्ष + १६, म्हणजे (३क्ष + ४)² चंच.

खरी गाडी घसरते ती कंसाबाहेर उणे असताना. ७ − (क्ष − ३)² घ्या. आधी वर्ग करा, पण तो कंसातच ठेवा:

७ − (क्ष² − ६क्ष + ९)

आणि पुढच्या ओळीत तिन्ही पदांची चिन्हं बदला:

७ − क्ष² + ६क्ष − ९ = −क्ष² + ६क्ष − २

मधली कंसाची ओळ वाचवायला गेलं की फक्त पहिल्या पदाचं चिन्ह बदलतं, बाकीची दोन तशीच राहतात. ती ओळ लिहाच. −२(क्ष − ३)² लाही हाच क्रम: आधी वर्ग, मग −२ ने गुणा.

−३² आणि (−३)² यांतही फरक आहे. वहीत पहिल्याची किंमत −९, दुसऱ्याची ९. एक्सेलमध्ये मात्र =-३^२ दिलं की ९ येतं, कारण तिथे उणे आधी धरलं जातं. तेव्हा संगणकावर उत्तर ताडून पाहताना कंस स्वतः घाला.

शेवटी क्ष ला एक लहान संख्या देऊन पडताळा घ्या. शून्य नको, कारण क्ष² + २५ ही चूक शून्याला पकडता येत नाही. ५ पण नको, तिथे क्ष² − २५ निसटतं. क्ष = २ घ्या: (२ − ५)² = ९, आणि ४ − २० + २५ = ९. जुळलं. क्ष² − २५ मध्ये २ घातले तर येतात −२१, आणि वर्ग ऋण निघाला म्हणजे पुन्हा पेन्सिलीच्या गोलापासून सुरुवात करायची.