बुवांचा सूर आणि माईकची शिट्टी

खानापूर तालुक्यातल्या एका गावात हरिनाम सप्ताह होता. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, सुट्टीत साऊंडवाल्या मामांच्या हाताखाली. फीडबॅक, म्हणजे माईकची शिट्टी, आपोआप दाबणारा डिजिटल प्रोसेसर नवाच आला होता. मी त्याची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे शिट्टी ओळखण्याची संवेदनशीलता, पूर्ण चढवून निर्धास्त बसलो. बुवांनी तार सप्तकात 'विठ्ठल' लांबवला आणि ऐकता ऐकता त्यांचा आवाज पोकळ झाला.

"तुझं यंत्र बुवांचा गळा कापूलालंय की रे!" मामा म्हणाले.

डीएसपीच्या (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग) पेपरात मला चांगले मार्क होते, पण त्यातलं गणित कळलं ते त्या रात्री. स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरतो, वाढून पुन्हा स्पीकरला जातो. एखाद्या फ्रिक्वेन्सीला हा फेरा पूर्ण होताना गेन (आवाज किती पट वाढतो ते) 1 ला पोचला आणि फेजही जुळली, म्हणजे लहरींचे चढउतार एकमेकांवर बसले, की माईक ओरडतो. स्पीकर माईकपासून 3.4 मीटरवर असेल तर आवाजाला सुमारे 10 मिलिसेकंद लागतात, म्हणजे साधारण दर 100 हर्ट्झवर शिट्टीचा एक उमेदवार तयार. यंत्र एफएफटी करून, म्हणजे आवाज फ्रिक्वेन्सींमध्ये सुटा करून, टिकून राहणारं टोक शोधतं आणि तिथे नॉच फिल्टर, म्हणजे तेवढीच फ्रिक्वेन्सी दाबणारा फिल्टर, टाकतं. शिट्टीत सहसा एकच टोक असतं, गळ्याच्या सुरात मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट फ्रिक्वेन्सीही असतात. हा फरक नीट न तपासणाऱ्या यंत्राला लांबवलेला सूर शिट्टीच वाटतो. आमच्या यंत्राने एकेक करत सगळे फिल्टर बुवांच्या सुरावरच खर्च केले होते.

म्हणून यंत्राआधी जागा बघा. तोंड आणि माईकमधलं अंतर निम्मं केलं की थेट आवाज 6 डीबीने (डेसिबल) वाढतो. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टी न होता आवाज चढवायची साधारण 3 डीबी जागा हातची जाते, तेव्हा टाळकऱ्यांपुढे चार माईक कशाला? कार्डिओइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) माईक मागून बहिरा असतो, मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर, तिकडे ठेवा. त्याहून अरुंद ऐकणाऱ्या सुपरकार्डिओइडचा बहिरेपणा मात्र मागच्या दोन तिरक्या बाजूंना असतो. नवी मुलं इथेच चुकतात.

मग मंडप रिकामा असताना गेन हळूहळू चढवा, जी फ्रिक्वेन्सी गुणगुणेल तिथे अरुंद नॉच टाकून तो लॉक करा. चार-पाच झाले की थांबा. उंच टोकं सपाट झाली की बाकीच्या फ्रिक्वेन्सी एकदमच उठतात, पुढचा प्रत्येक फिल्टर फक्त आवाज पातळ करतो.

फ्रिक्वेन्सी शिफ्ट हा दुसरा उपाय. ध्वनिशास्त्रज्ञ मॅनफ्रेड श्रोडर यांनी 1960 च्या दशकात मांडलेला. सगळा आवाज सुमारे 5 हर्ट्झ सरकवायचा, म्हणजे फेऱ्यात एकच फ्रिक्वेन्सी साठत नाही. बेळगावजवळच्या कडोली, उचगावच्या साहित्य संमेलनातल्या भाषणांना तो चालेल. गाण्याला अजिबात लावू नका. 200, 400, 600 चे 205, 405, 605 झाले की प्रमाण मोडतं आणि पेटीशी सूर भांडतो.

काल्याच्या कीर्तनाला आम्ही पाच फिल्टर लॉक केले, आपोआप फिरणारे दोनच ठेवले, सेन्सिटिव्हिटी उतरवली. बुवांचा 'विठ्ठल' शेवटपर्यंत भरीव राहिला.

लॉक केलेल्या फ्रिक्वेन्सी मी वहीत लिहितो. मंडप बदलला की जुनं पान सोडून नवं सुरू करतो.